साहाय्य आणि स्वातंत्र्य : अनोळखी संगणकप्रणाली शिकवण्यातील एक तात्त्विक प्रश्न

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि त्यामुळे असंख्य लोकांपुढे असा पेच उभा राहिला की, घरातला संगणक धडधाकट असूनही विंडोज ११ साठी घातलेल्या यंत्रविषयक अटींत तो बसत नाही. असा संगणक वापरात ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली बसवणे होय. प्रणाली म्हणजे येथे ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात यंत्राचे भाग आणि वापरणाऱ्याची कामे यांच्यामधला व्यवहार सांभाळणारा मूलभूत आज्ञासंच. आणि खिडक्या, चिन्हे व मेनू यांनी बनलेला तिचा जो दर्शनी भाग पडद्यावर असतो, त्याला डेस्कटॉप म्हणतात. एका प्रणालीतून दुसरीत जाणे सहसा एकट्याने होत नाही. घरातले कोणी, शेजारी किंवा कचेरीतला सहकारी सोबत बसतो आणि नवख्याला वाट दाखवतो. या मदतीकडे तांत्रिक सोय म्हणून पाहिले जाते, परंतु तिच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे : मदत घेणारा मदत करणाऱ्यावर विसंबून असतो, मग या विसंबण्यातून स्वावलंबन निपजावे तरी कसे, आणि एका माणसाने दुसऱ्याला स्वतंत्र करणे मुळात शक्य आहे काय?

लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण या प्रणालीच्या उगमाशीच स्वातंत्र्याचा विचार आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती, वापरणारा सॉफ्टवेअरच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, या भूमिकेतून. आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली जाहीर केलेला लिनक्स हा गाभा पुढे ग्नूच्या घटकांना जोडला गेला, तेव्हा ती भूमिका एका संपूर्ण प्रणालीत उतरली. मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत चार स्वातंत्र्ये मोजली जातात : कोणत्याही हेतूने आज्ञावली चालवणे, तिची रचना अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे, आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. मात्र ही चारही स्वातंत्र्ये परवान्याने दिलेली आहेत, म्हणजे ती कायद्याच्या पातळीवरची आहेत. ज्याला नव्या डेस्कटॉपवर आपली कालची फाइल सापडत नाही, त्याच्या लेखी आज्ञावलीची रचना अभ्यासण्याचा अधिकार असून नसल्यासारखा असतो. उलट विंडोजवर तो सराईतपणे वावरत होता, तेव्हा व्यवहारात तो अधिक मोकळा होता असेही म्हणता येईल. अनुज्ञा आणि सामर्थ्य यांमधले हे अंतर परवाना भरून काढू शकत नाही, ते काम शिकवणाऱ्याकडे येते, आणि म्हणून शिकवण्याची रीत हा येथे स्वातंत्र्याच्याच विचाराचा भाग ठरतो.

नवखा म्हणजे कोरी पाटी, हा समज सर्वांत आधी बाजूला सारावा लागतो. जो वीस वर्षे विंडोज वापरत आला आहे, तो अज्ञानी नसून भिन्न ज्ञानाने भरलेला असतो. भारतीय दर्शनांत यासाठी संस्कार ही संज्ञा आहे. अनुभवाचा चित्तावर उमटलेला आणि पुढील स्मृतीला व कृतीला कारण होणारा ठसा, असा तिचा आशय सांगता येतो. न्याय-वैशेषिकांनी संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले. त्यांतील भावना हा आत्म्याचा गुण असून स्मृतीचे कारण आहे, तर स्थितिस्थापक हा वस्तूला पूर्वस्थितीत परत आणणारा, जड द्रव्यांचा गुण आहे. तरी सराईत बोटांची वागणूक पाहता तेथे दोन्ही एकत्र नांदतात की काय असे वाटावे. मजकूर उचलण्यासाठी ती कंट्रोल-सी ही कळजोडी दाबतात; परंतु लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, ती कळजोडी चालू काम थांबवते आणि मजकूर उचलायला शिफ्टची कळही सोबत दाबावी लागते. सी ड्राइव्ह शोधणाऱ्याला तो मिळत नाही, कारण येथे सर्व फोल्डर एकाच मुळापासून निघालेल्या वृक्षात असतात आणि पेनड्राइव्हसुद्धा त्या वृक्षाच्या एखाद्या फांदीला जोडला जातो. ग्नोम या डेस्कटॉपवर तर खिडकी खाली दडवण्याचे बटणही मूळ मांडणीत दिसत नाही.

या प्रसंगांत नवख्याला जाणवते ते आपले अडाणीपण, पण वस्तुतः तेथे उघड होते ते त्याचे आजवर अदृश्य राहिलेले कौशल्य. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने १९२७ च्या आपल्या मुख्य ग्रंथात दाखवून दिले आहे की, हाताशी असलेले साधन जोवर सुरळीत चालते तोवर ते लक्षातच येत नाही, आणि ते मोडले किंवा जागेवर नसले म्हणजेच त्याचे साधनपण डोळ्यांपुढे येते. शिकवणाऱ्याने हे ओळखले तर ‘साधी गोष्ट’ हा शब्दप्रयोग तो सहसा करणार नाही, कारण साधेपणा वस्तूत नसतो, सवयीत असतो. सवयींनाही इतिहास आहे : फोल्डर आणि चिन्हे यांनी सजलेले पडद्यावरचे टेबल झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आकाराला आले, १९८१ च्या स्टार संगणकातून ते बाजारात आले आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ते घरोघर पोचवण्यास सुरुवात केली, स्टार्ट मेनू आणि त्याची खालची पट्टी तर १९९५ सालची, विंडोज ९५ ची आहे. जे स्वाभाविक वाटते ते कोणीतरी, कधीतरी घडवलेले आहे, एवढे ध्यानात आले तरी नवख्याचा न्यूनगंड आणि जाणत्याचा अहंकार ही दोन्ही काहीशी सैल होतात.

जुन्या संस्कारांशी वागण्याच्या दोन सोप्या रीती प्रचारात आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिलीत जुने सारे चुकीचे ठरवून ते विसरायला सांगितले जाते. पण संस्कार आज्ञेने पुसले जात नाहीत. पातंजल योगाच्या मते अभ्यास दृढ होतो तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक केला तरच; अर्थात नवा संस्कार जुन्याची जागा घेतो तोही असाच, सावकाश. दुसऱ्या रीतीत नवे जुन्यासारखेच आहे असे भासवले जाते. लिनक्स मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप खालच्या डाव्या कोपऱ्यातील मेनूमुळे विंडोजच्या वळणाचा दिसतो, आणि म्हणून नवख्यासाठी तो अनेकदा सुचवला जातो. ही सोय उपयोगी आहे यात शंका नाही, परंतु तिच्यामुळे एक नैतिक प्रश्न उभा राहतो : सारखे नसलेले सारखे म्हणून दाखवणे ही शिकवण आहे की फसवणूक?

अद्वैत वेदान्ताने या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. अध्यारोप आणि अपवाद ही त्याची अध्यापनपद्धती. अध्यारोप म्हणजे जे वस्तूत नाही ते शिकवण्यापुरते तिच्यावर ठेवणे, आणि अपवाद म्हणजे शिष्याची समज पुरेशी झाल्यावर ते ठेवलेले काढून घेणे; शंकराचार्यांनी ही रीत परंपरेतील जाणकारांची म्हणून सांगितली आणि सदानंदाच्या वेदान्तसारात तिची पद्धतशीर मांडणी आढळते. तिचे प्रसिद्ध उदाहरण स्थूलारुंधती-न्यायाचे आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाजवळची अरुंधतीची अंधुक तारका एकदम दिसत नाही, म्हणून आधी जवळचा ठळक तारा हीच अरुंधती असे सांगून नजर तेथे आणतात, आणि नजर स्थिरावल्यावर तो तारा नाकारून खऱ्या अरुंधतीकडे वळवतात. पहिले विधान असत्य असूनही ते फसवणूक ठरत नाही, कारण ते मागे घेण्याचा संकल्प त्याच्या उच्चारातच अंतर्भूत असतो.

संगणक शिकवताना अध्यारोप टाळता येत नाही. ‘होम फोल्डर म्हणजे तुमचे जुने माय डॉक्युमेंट्स’, ‘सॉफ्टवेअर मॅनेजर म्हणजे मोबाइलमधले प्ले स्टोअर’ ही विधाने पहिल्या दिवशी योग्यच आहेत. परंतु काही काळाने दुसरे विधान मागे घ्यावे लागते, कारण रिपॉझिटरी, म्हणजे वितरणाच्या (मिंट, उबुंटू यांसारख्या तयार प्रणालीच्या) सांभाळकर्त्यांनी तपासून व डिजिटल स्वाक्षरी करून ठेवलेला सॉफ्टवेअरचा साठा, ही दुकानापेक्षा निराळी संस्था आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या वितरणाचा साठा तर स्वयंसेवकच सांभाळतात. हे कळले नाही, तर नवखा जुन्या सवयीने वाटेल त्या संकेतस्थळावरून आज्ञावली उतरवत राहतो आणि या व्यवस्थेने दिलेली सुरक्षितता स्वतःच्या हाताने गमावतो. खोलात गेले तर डेस्कटॉप हाच मुळी अध्यारोप आहे : फाइल फोल्डरच्या ‘आत’ असते असे दिसते, पण फोल्डर म्हणजे नावांची आणि ती नावे कोणत्या नोंदीकडे नेतात याची यादी असते, आणि फाइलमधला मजकूर तबकडीवर विखुरलेलाही असू शकतो. पुसलेल्या फाइलची बहुधा नोंदच जाते, मजकूर काही काळ तसाच राहतो. जुना संगणक विकणाऱ्याला हा अपवाद वेळीच कळला नाही, तर त्याचे खासगी कागद परक्याच्या हाती पडू शकतात.

अपवाद न झाल्यास काय होते, हे छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातील इंद्र-विरोचनांच्या आख्यानात दिसते. प्रजापतीकडे दोघेही आत्म्याचे ज्ञान घेण्यास गेले आणि पाण्यातील प्रतिबिंबाच्या आधारे मिळालेला पहिला उपदेश ऐकून दोघेही समाधानाने निघाले. विरोचन देहालाच आत्मा समजून असुरांकडे गेला तो परतलाच नाही, तर इंद्र वाटेत विचार करू लागला, त्याला त्या उत्तरातील दोष दिसला आणि तो पुन्हा पुन्हा परत येऊन एकूण १०१ वर्षे राहिला. या आख्यानातून शिकवणाऱ्यावर येणारी जबाबदारी दुहेरी आहे : पहिले उत्तर असे असावे की त्यातून पुढचा प्रश्न फुटू शकेल, आणि तो फुटल्यावर परत येण्याचे दार उघडे असावे. येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. वेदान्तात अपवादाचा शेवट अंतिम सत्यात होतो, संगणकाच्या बाबतीत असा शेवट नाही. नोंदीखाली तबकडीचे विभाग, त्यांखाली विद्युत्‌स्थिती असे थर लागत जातात, आणि प्रत्येकाने तळ गाठलाच पाहिजे असे कोणी म्हणणार नाही. येथील ध्येय आरोप समूळ नाहीसा करणे हे नसून, तो आरोप आहे हे जाणून त्याचा वापर करणे हे आहे.

टर्मिनलवर द्यावयाच्या आज्ञांचा प्रश्न याहून वेगळा आहे. जाणता माणूस अनेकदा एक ओळ लिहून देतो, नवखा ती जशीच्या तशी उतरवतो आणि काम होते. अर्थ कळण्याची गरजच पडत नाही. यास्काच्या निरुक्त या वैदिक शब्दार्थविषयक ग्रंथात कौत्साचा एक पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे मत, येतो : मंत्रांना अर्थ नाही, कारण त्यांतील शब्द बदलता येत नाहीत आणि त्यांचा क्रमही हलवता येत नाही. हे वर्णन टर्मिनलच्या आज्ञेला तंतोतंत लागू पडते, कारण तेथे समानार्थी शब्द चालत नाही आणि दोन शब्दांमधली एखादी मोकळी जागा सुटली तरी परिणाम बदलतो. यास्काचे उत्तर असे की, रोजच्या बोलण्यातही ठरावीक क्रमाचे प्रयोग असतात आणि तरी त्यांना अर्थ असतोच. अर्थात स्थिरता ही निरर्थकतेची खूण नव्हे. या उत्तराचे वजन आज्ञा बिघडते तेव्हा कळते. सुडो हा शब्द आज्ञेच्या आरंभी आला म्हणजे सामान्य वापरकर्ता तेवढ्यापुरता व्यवस्थापकाच्या अधिकाराने वागतो. आरएम या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत न जाता थेट जाते. आणि हे दोन शब्द एकत्र आले तर प्रणालीचे आवश्यक भागही नष्ट होऊ शकतात. म्हणून आज्ञा देताना तिच्यातील निदान क्रियापद कोणते, ते कशावर चालणार आणि कोणाच्या अधिकाराने चालणार, एवढे तीन अर्थ सांगणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य ठरते. त्यापलीकडचा तपशील मागाहून सांगितला तरी चालतो.

अर्थज्ञानाच्याही आधी भयाचा विचार यावा लागतो, कारण भ्यालेला माणूस शिकत नाही, तो केवळ पाठ करतो. अनेक लिनक्स प्रणालींत टर्मिनलवर संकेतशब्द टंकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. हा सावधगिरीचा उपाय आहे हे ठाऊक नसलेल्या नवख्याला कळफलकच बंद पडल्याचे वाटते. अशी भीती ‘घाबरू नका’ म्हटल्याने जात नाही, ती जावी यासाठी आधी परिस्थिती बदलावी लागते. भारतीय धर्मविचारात अभयदानाला मोठे स्थान आहे, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या गणनेत अभय हा गुण सर्वांत आधी येतो. संगणकाच्या संदर्भात अभयदानाला ठोस रूप आहे : जुन्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती उघडते की नाही हे पाहणे, प्रणाली कायमची बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून, म्हणजे लाइव्ह पद्धतीने, चालवून दाखवणे, ज्यात संगणकावरील मूळ प्रणालीला हात लागत नाही, आणि जेथे धोका खराच आहे, म्हणजे डिस्कचे विभाग पाडताना, तेथे तो न लपवता सांगणे. खोट्या आश्वासनाने मिळालेले अभय पहिल्याच अपघातात संपते आणि त्याबरोबर शिकवणाऱ्यावरचा विश्वासही जातो.

हे सारे झाल्यावर प्रत्यक्ष मदतीचा क्षण येतो आणि माउस कोणाच्या हातात असावा, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न निर्णायक ठरतो. हायडेगरने इतरांविषयीच्या आस्थेची दोन टोके सांगितली आहेत : एकात मदत करणारा दुसऱ्याच्या जागी स्वतः उभा राहतो, त्याची चिंता त्याच्याकडून काढून घेतो आणि नकळत त्याला परावलंबी करतो, दुसऱ्यात तो त्याच्यापुढे जाऊन त्याची चिंता त्यालाच नीट ओळखून देतो आणि तिच्यासाठी त्याला मोकळा करतो. माउस हिसकावून चार क्षणांत काम उरकणारा पहिल्या प्रकारात मोडतो, आणि त्याच्या वेगाचे कौतुक होत असल्यामुळे त्याचा दोष लवकर दिसत नाही. याच्या उलट टोकाला, प्रत्येक प्रश्नाला ‘मॅन्युअल वाचा’ एवढेच उत्तर देणारी, तज्ज्ञांमध्ये आढळणारी तुसडी रीत आहे. तिला स्वावलंबनाचा उपदेश म्हणता येईल काय, हे तैत्तिरीय उपनिषदातील भृगूच्या कथेशी ताडून पाहावे. वरुण आपल्या पुत्राला ब्रह्म कोणते हे आयते सांगत नाही, तपाने जाणून घे असे सांगतो. भृगू अन्न, प्राण, मन, विज्ञान अशी उत्तरे शोधत जातो आणि प्रत्येक वेळी पित्याकडे परत येतो. वरुणही उत्तर रोखून धरतो, पण त्याआधी त्याने शोधाचे लक्षण सांगितलेले असते, आणि प्रत्येक परतीला तो उपस्थित असतो. लक्षण न सांगता आणि उपस्थित न राहता उत्तर तेवढे रोखणे ही केवळ उपेक्षा होय.

उपस्थितीत भाषेचाही समावेश होतो. महानुभाव पंथात नागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला तो, सामान्य माणसे आणि स्त्रिया ज्ञानाला मुकू नयेत यासाठी. आणि १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीमागेही हाच लोकाभिमुख विचार आहे. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांची मराठी भाषांतरे झाली आहेत, परंतु भाषांतरित मेनू लावून देणे म्हणजे नवख्याच्या भाषेत शिकवणे असे नव्हे. ज्याला इंग्रजी मेनूची सवय आहे त्याच्यावर मराठी मेनू लादणे हीसुद्धा त्याची भाषा नाकारण्याचीच एक तऱ्हा आहे. कोणत्या शब्दांनी त्याला वस्तू ओळखू येते, हे त्यालाच विचारून ठरवावे लागते.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. नवख्याला स्वातंत्र्य नकोच असेल, त्याला फक्त वीजबिल भरायचे आणि पत्र छापायचे असेल, तर त्याच्यावर समज लादणे हाही एक प्रकारचा अधिकारगाजवेपणाच नाही काय? वेदान्ताने ज्ञानाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे पात्र शिष्याची, जी चार साधने सांगितली त्यांत विवेक, वैराग्य आणि शमदमादी गुणांच्या जोडीला मुमुक्षुत्व, म्हणजे मुक्तीची इच्छा, आवश्यक मानली. इच्छा बाहेरून घालता येत नाही, हे त्यात गृहीत आहे. म्हणून आक्षेपाचा एक भाग मान्य करावाच लागतो : ज्याला छपाईपुरतेच हवे त्याला छपाईपुरतेच शिकवावे. परंतु काम दुसऱ्यावर जाणून सोपवणे आणि सोपवण्यावाचून गत्यंतर नसणे, या दोन भिन्न अवस्था आहेत. प्रणालीची अद्ययावत आवृत्ती कोण बसवतो, फाइलींच्या प्रती कोठे आहेत आणि मदतनीस दुरावला तर कोणाकडे जायचे, ही तीन उत्तरे ज्याच्यापाशी आहेत तो बाकीचे सारे इतरांवर सोपवूनही स्वतःचा मालक राहतो. इच्छा निर्माण करणे शिकवणाऱ्याच्या हातात नाही. ती पुढे कधी जागी झाली तर तिला अडसर राहू नये, एवढी व्यवस्था मात्र त्याच्या हातात आहे.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मर्यादित अर्थाने होकारार्थी देता येते. एक माणूस दुसऱ्याला स्वातंत्र्य वस्तूसारखे देऊ शकत नाही; तो भय कमी करू शकतो, जुन्या संस्काराचा मान राखू शकतो, उपयोगी अर्धसत्य सांगून ते वेळेवर मागे घेऊ शकतो आणि आपला हात आवरू शकतो, आणि या चार गोष्टींच्या संयोगातून दुसऱ्याची निर्णयशक्ती त्याची तीच वाढते. अशी शक्ती खरोखर वाढली की नाही, याची कसोटी शिकणारा लिनक्सवर टिकून राहिला की नाही ही नव्हे. काही महिन्यांच्या वापरानंतर, आपल्या कामाला लागणारी अमुक आज्ञावली येथे चालत नाही, अमुक यंत्र जोडता येत नाही, अशी कारणे स्वतः तपासून तो जुन्या प्रणालीकडे परतला, तर ज्या विवेकाने तो परतला तो या शिकवणीतूनच आलेला असतो. मुक्त प्रणालीच्या कैवाऱ्याला हा निर्णय रुचणार नाही. तरीही तो निर्णय पराभव न मानता, परतीच्या कामातही तितक्याच आस्थेने साहाय्य करणारा शिकवणारा स्वातंत्र्याच्या तत्त्वाशी इतरांपेक्षा अधिक प्रामाणिक राहिला, असेच म्हणावे लागेल.